वसाहतकालीन अमेरिकेतील सुतारी अवजारांवर शालेय शोधनिबंध लिहिताना: कोठून सुरुवात करावी आणि काय तपासावे

गेल्या वर्षी आमच्या मुलीला आठवीत इतिहासाच्या तासासाठी पाच पानांचा शोधनिबंध लिहावयाचा होता आणि तिने विषय निवडला होता, ‘वसाहतकाळातील सुतारांची अवजारे’. आम्ही न्यू जर्सीत राहतो. माझे आजोबा कोकणात सुतारकाम करीत असत आणि त्यांचा लाकडी रंधा व दोन पटाश्या आजही माझ्याकडे आहेत, त्यामुळे हा विषय आपल्याला सोपा जाईल असे मी धरून चालले होते. प्रत्यक्षात पहिला मसुदा शिक्षिकेने परत पाठवला, कारण त्यातील सहा चित्रांपैकी चार चित्रांतली अवजारे अमेरिकेच्या स्वातंत्र्यानंतर पन्नास ते शंभर वर्षांनी बनलेली होती. आम्ही ती ‘वसाहतकालीन’ अशा शीर्षकाखाली इंटरनेटवर पाहिली आणि न तपासता घेतली. त्यानंतरच्या सहा आठवड्यांत आम्ही जे शिकलो, ते इथल्या मराठी कुटुंबांतील मुलांना आणि पालकांना उपयोगी पडावे म्हणून क्रमाने लिहीत आहे.

१. आधी काळ आणि प्रदेश निश्चित करा

इथल्या शाळेत ‘वसाहतकाळ’ म्हटले की साधारणपणे १६०७ मध्ये व्हर्जिनियात जेम्सटाऊनची वसाहत झाली तेव्हापासून १७७६ च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यापर्यंतचा काळ धरतात. हा जवळजवळ पावणेदोनशे वर्षांचा पट्टा आहे. १६२७ मधल्या प्लिमथच्या सुताराकडे आणि १७७० मधल्या फिलाडेल्फियाच्या सुताराकडे एकच पेटी होती असे समजणे म्हणजे पेशवाईच्या सुरुवातीचे आणि पहिल्या महायुद्धाच्या वेळचे घर एकच मानण्यासारखे आहे.

प्रदेशानेही फरक पडतो. न्यू इंग्लंडमध्ये (मॅसॅच्युसेट्ससह ईशान्येकडील वसाहतींत) इंग्रजी पद्धतीची अवजारे होती, तर पेनसिल्व्हेनियात जर्मन भाषक कुटुंबे आपल्या मुलखातली घडण घेऊन आली होती. त्यांच्या रंध्याला पुढच्या बाजूस शिंगासारखी वळलेली मूठ असे, जी इंग्रजी रंध्याला नसते. म्हणून वहीच्या पहिल्या पानावर ‘कोणती वसाहत’ आणि ‘कोणती तीस-चाळीस वर्षे’ या दोन गोष्टी लिहून ठेवा आणि पुढे हाती येणारी प्रत्येक माहिती त्या चौकटीत बसते का, हे पाहा.

सहलीला जाण्याआधीही ही चौकट आठवा. मॅसॅच्युसेट्समधील ओल्ड स्टरब्रिज व्हिलेज हे सुरेख ठिकाण आहे, पण तिथे प्रामुख्याने १८३० च्या दशकातले न्यू इंग्लंड उभे केलेले आहे. त्याच राज्यातील प्लिमथ पटक्सेट येथे १६२७ च्या सुमाराचे इंग्रजी गाव दाखवले आहे आणि व्हर्जिनियातील कलोनियल विल्यम्सबर्ग येथे अठराव्या शतकाचा उत्तरार्ध. तिन्ही ठिकाणी जुन्या पोशाखातली माणसे लाकूड तासताना दिसतात, त्यामुळे मुलांना ती सारखीच वाटतात.

२. विषय लहान करा आणि त्याला प्रश्नाचे रूप द्या

‘वसाहतकाळातील अवजारे’ हा विषय पाच पानांत मावत नाही. असा विषय घेतला की निबंध म्हणजे कुऱ्हाड, करवत, रंधा, पटाशी अशी यादी होते आणि प्रत्येकाच्या वाट्याला तीन ओळी येतात. त्याऐवजी ज्याचे उत्तर कागदपत्रांतून खरोखर शोधता येईल असा एक प्रश्न घ्या. आमच्या वहीत आलेले काही प्रश्न असे होते:

- १७५० च्या सुमारास व्हर्जिनियातील सुताराच्या पेटीतील कोणती अवजारे इंग्लंडहून येत आणि कोणती इथेच बनत?
- साधा शेतकरी आणि पूर्ण वेळ सुतार यांच्याकडील अवजारांत काय फरक होता?
- न्यू इंग्लंडमध्ये रंधे बनवणारे पहिले कारागीर कोण होते आणि ते आपली ओळख अवजारावर कशी ठेवत?

मुलीने तिसरा प्रश्न घेतला. पहिला प्रश्नही उत्तम आहे, कारण त्यामागे राजकारण आणि धातूशास्त्र दोन्ही आहे. रंध्याचा लाकडी ठोकळा, पटाशीची मूठ, कुऱ्हाडीचा दांडा या गोष्टी जंगल जवळ असलेल्या वसाहतीत कोणालाही करता येत. धार धरणारे चांगले पोलाद मात्र सहजी होत नव्हते. शेफील्ड परिसरातील बेंजामिन हंट्समन याने १७४० च्या दशकात मुशीत वितळवून एकजिनसी पोलाद करण्याची पद्धत बसवली आणि त्या शहराचा दबदबा वाढत गेला. शिवाय ब्रिटिश संसदेच्या १७५० च्या लोखंडविषयक कायद्याने वसाहतींना कच्चे लोखंड इंग्लंडला पाठवण्यास उत्तेजन दिले, पण पत्रे ठोकण्याचे व लोखंड चिरण्याचे नवे कारखाने आणि पोलादाच्या नव्या भट्ट्या उभारण्यास मनाई केली. कच्चा माल तिकडे पाठवायचा आणि पक्का माल तिकडून विकत घ्यायचा, ही व्यवस्था आपल्याकडच्या कापसाच्या आणि कापडाच्या इतिहासामुळे मराठी घरातल्या मुलाला चटकन कळते. निबंधात ही तुलना एका वाक्यापुरती ठेवा आणि पुन्हा अमेरिकेकडे वळा.

३. जवळ काय काय हवे

- शिक्षकांनी दिलेला सूचनांचा आणि गुणांच्या निकषांचा कागद. किती प्राथमिक साधने (म्हणजे त्या काळातलीच कागदपत्रे व वस्तू) हवीत, हे त्यावर लिहिलेले असते.
- गावच्या सार्वजनिक ग्रंथालयाचे कार्ड. हवे ते पुस्तक तिथे नसेल, तर दुसऱ्या ग्रंथालयातून मागवण्याची सोय असते. मात्र त्याला दोन-तीन आठवडे लागू शकतात, म्हणून मागणी पहिल्याच आठवड्यात नोंदवा.
- एक जाड वही, पेन्सिल, इंच दाखवणारी टेप आणि साधे भिंग.
- लहान टॉर्च. ठशांवर तिरका प्रकाश पाडला की पुसट अक्षरे वाचता येतात.
- फोटो काढण्यासाठी फोन. संग्रहालयात फ्लॅश बहुधा चालत नाही, तेव्हा आधी विचारा.
- घरात किंवा शेजारी एखादे जुने हाती अवजार असेल, तर ते. याचा उपयोग पुढे सांगते.

४. अवजाराचे नाव नव्हे, आधी त्याचे काम समजून घ्या

मुलांना इंग्रजी नावे पाठ होतात, पण ते अवजार काय करते हे माहीत नसते आणि मग कागदपत्र वाचताना घोळ होतो. घरातल्या मराठी शब्दांचा इथे फायदा होतो. करवत, रंधा, पटाशी, वाकस, गिरमिट, गुण्या, कानस ही नावे आजी-आजोबांना ठाऊक असतात आणि ती अवजारे कशासाठी असतात हेही ते सांगू शकतात.

काही अवजारांना आपल्याकडे रुळलेले नाव नाही. ‘फ्रो’ हे काटकोनात मूठ बसवलेले जाड पाते आहे. ते ओंडक्याच्या टोकावर ठेवून वरून लाकडी दंडुक्याने हाणतात आणि मूठ पिरगाळून लाकूड रेषेरेषेने उभे फाडतात. ‘ड्रॉ-नाइफ’ हे दोन्ही टोकांना मुठी असलेले, आपल्याकडे ओढून तासायचे पाते. ते चालवताना कारागीर घोड्यासारख्या बाकावर बसून पायाने दाब देत लाकूड पकडतो. अशा अवजारांना ओढूनताणून मराठी प्रतिशब्द शोधण्यात वेळ घालवू नका. त्यांचे काम दोन वाक्यांत लिहिता आले, म्हणजे ते समजले.

इथे एक अनुभव सांगते. आजोबांचा रंधा मी मुलीच्या हातात दिला आणि पाते कसे बसते ते दाखवले. लाकडी ठोकळ्यात तिरपी खाच, खाचेत पाते आणि पात्यावर लाकडी पाचर. पाते थोडे खाली हवे असेल तर त्याच्या डोक्यावर हलकेच टोला द्यायचा, आणि पाते सैल करायचे असेल तर ठोकळ्याच्या मागच्या टोकावर ठोकायचे. दहा मिनिटांच्या खटपटीनंतर पाइनच्या फळीवरून कुरळे, पातळ सालपट निघाले तेव्हा तिचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. पुढे संग्रहालयात अडीचशे वर्षांपूर्वीचा रंधा समोर आला तेव्हा तिने सर्वांत आधी मागच्या टोकावरचे ठोकल्याचे खळगे पाहिले आणि ते कशाने पडले हे कोणी न सांगता ओळखले.

फरकही नोंदवा. आजोबा जमिनीवर बसून, लाकूड पायाने धरून काम करीत. इंग्रजी परंपरेतला सुतार जड बाकासमोर उभा राहून काम करतो आणि लाकूड बाकाला अडकवतो. मुलीने ‘बाक हेही एक अवजारच आहे’ असा एक परिच्छेद यावरून लिहिला आणि शिक्षिकेला तो आवडला.

५. मृत्यूनंतरच्या मालमत्तेच्या याद्या वाचा

सगळ्या प्रवासात मला सर्वांत मोलाचे वाटलेले साधन हे आहे. वसाहतींमध्ये एखादा मनुष्य वारला की न्यायालयाच्या सांगण्यावरून दोन-तीन शेजारी त्याच्या घरी जात आणि घरातली जंगम मालमत्ता किमतीसह लिहून काढत. अंथरूण, भांडी, गाई, धान्य आणि अवजारेसुद्धा. मालकाने स्वतःविषयी काय लिहिले असते कोण जाणे, पण शेजाऱ्यांनी फळीवरून उचलून लिहिलेली करवत तिथे नक्की होती.

प्लिमथ वसाहतीच्या सतराव्या शतकातील अनेक याद्या आज छापील अक्षरांत इंटरनेटवर वाचता येतात. व्हर्जिनियात जॉर्ज मेसन यांचे गन्स्टन हॉल नावाचे घर आहे. तेथील अभ्यासकांनी व्हर्जिनिया आणि मेरिलँडमधील १७४० ते १८१० या काळातील अशा तीनशेहून अधिक याद्या एकत्र करून खुल्या ठेवल्या आहेत. (हे घरही आपल्या विषयाशी निगडित आहे. त्याच्या आतले देखणे लाकूडकाम विल्यम बकलंड याच्या देखरेखीखाली झाले आणि तो १७५५ मध्ये इंग्लंडहून चार वर्षांच्या कराराने बांधलेला सुतार म्हणून आला होता.)

यादी वाचताना पुढील गोष्टींत आमची फसगत झाली किंवा होता होता वाचली.

स्पेलिंग. लिहिणारा कानाला ऐकू येईल तसे लिहीत असे. रंध्यासाठीचा शब्द (plane) ‘साधा’ या अर्थाच्या शब्दासारखा (plain) लिहिलेला आढळतो आणि वाकसासाठीचा शब्द (adze) ‘बेरीज करतो’ या अर्थाच्या शब्दासारखा (adds). संगणकावर आजचे स्पेलिंग टाकून शोध घेतला तर काहीच सापडत नाही आणि मुले ‘अवजार नव्हते’ असा निष्कर्ष काढून मोकळी होतात. शब्द मोठ्याने उच्चारून पाहा.

लांब ‘एस’. जुन्या छपाईत आणि हस्ताक्षरात शब्दाच्या सुरुवातीचा किंवा मधला ‘एस’ हा ‘एफ’सारखा दिसतो. मोडी वाचायला शिकताना जसा डोळा बसावा लागतो, तसाच इथेही बसतो. दोन संध्याकाळी पुरतात.

‘लंबर’ हा शब्द. आजच्या अमेरिकी इंग्रजीत याचा अर्थ चिरलेले इमारती लाकूड. जुन्या याद्यांत मात्र तो बहुधा ‘अडगळीचे सामान’ या अर्थाने येतो. माळ्यावरचे ‘लंबर’ वाचून आम्ही त्या माणसाला लाकडाचा व्यापारी ठरवले होते.

तारखा. १७५२ पूर्वी इंग्रजी कायद्याप्रमाणे नवे वर्ष २५ मार्चला सुरू होत असे. त्यामुळे जानेवारी, फेब्रुवारी आणि मार्चच्या पहिल्या तीन आठवड्यांतल्या तारखांना ‘१६९०/९१’ असे जोडवर्ष लिहिलेले दिसते. ती लेखनिकाची चूक नाही.

पैसे. एका पौंडाचे वीस शिलिंग आणि एका शिलिंगाचे बारा पेन्स. रुपये-आणे-पैचा हिशेब केलेली आपली मागची पिढी हे क्षणात समजावून देईल. मात्र प्रत्येक वसाहतीचे चलन वेगळे होते आणि मॅसॅच्युसेट्सचा शिलिंग म्हणजे लंडनचा शिलिंग नव्हे. म्हणून दोन वसाहतींतल्या किमतींची थेट तुलना करू नका आणि आजच्या डॉलरमध्ये रूपांतर तर मुळीच करू नका. त्याच यादीतल्या इतर वस्तूंशी तुलना करणे सुरक्षित आहे: सगळ्या अवजारांची मिळून किंमत एका गाईपेक्षा जास्त होती की कमी?

शेवटची गोष्ट निष्कर्षाची. यादीत कुऱ्हाड, एक करवत आणि एक गिरमिट आहे म्हणून तो माणूस सुतार ठरत नाही, कारण एवढे जवळजवळ प्रत्येक शेतकऱ्याकडे असे. निरनिराळ्या आकारांचे रंधे, पटाश्यांचा संच, कामाचा बाक, अर्धवट राहिलेल्या खुर्च्या किंवा वाळत ठेवलेल्या फळ्या असे एकत्र आढळले तर सुतार म्हणायला आधार मिळतो. उलट, वृद्ध कारागिराच्या यादीत अवजारे थोडी असली तर त्याने ती आधीच मुलाला देऊन टाकलेली असू शकतात. ‘जुन्या अवजारांचा एक गठ्ठा’ अशी नुसती ओळ आली तर त्यात काय होते याचा अंदाज बांधू नका. ती ओळ आहे तशी नोंदवा.

आम्ही दहा याद्या घेऊन एक तक्ता केला: वर्ष, गाव, व्यवसाय, रंध्यांची संख्या, करवतींची संख्या, बाक आहे की नाही, अवजारांची एकूण किंमत. निबंधातला सर्वांत भक्कम भाग या तक्त्यातून आला.

६. जुनी पुस्तके आणि चित्रे वापरा, पण चित्राचा मूळ पत्ता शोधा

लंडनच्या जोसेफ मॉक्सन याने १६७७-७८ पासून हस्तव्यवसायांवर भागाभागाने लेखन प्रसिद्ध केले. लोहारकाम, जोडकाम (सांधे जुळवून करायचे बारीक लाकूडकाम), सुतारकाम आणि कातकाम (लाकूड फिरवत ठेवून गोल तासणे) यांवर इंग्रजीत इतक्या सविस्तरपणे लिहिणारा तो पहिलाच. त्याच्या जुन्या आवृत्त्या इंटरनेट आर्काइव्हवर विनामूल्य आहेत. प्रत्येक रंधा कशासाठी, पाते किती तिरपे, पटाशी कशी धरायची हे त्यात आहे आणि आठवीतल्या मुलालाही थोड्या मदतीने त्यातला एखादा उतारा वाचता येतो. शोधनिबंधात असा एक उतारा स्वतः वाचून, आपल्या शब्दांत मांडला तर त्याचे वजन वेगळेच असते.

यातली मेख चित्रांत आहे. मॉक्सनच्या जोडकामाच्या चित्रपानावरील बराच भाग आंद्रे फेलिबियाँ या फ्रेंच लेखकाच्या १६७६ च्या ग्रंथातून घेतलेला आहे. म्हणजे इंग्रजी पुस्तकात छापलेले एखादे अवजार मुळात फ्रेंच घडणीचे असू शकते. ‘मॉक्सनमध्ये चित्र आहे, म्हणजे बॉस्टनच्या सुताराकडे असेच अवजार होते’ असे लिहिण्याआधी मजकुरातले वर्णन चित्राशी जुळते का, ते पाहा. फ्रान्समध्ये १७५१ पासून निघालेल्या दिदरोच्या विश्वकोशातील चित्रे तर इतकी स्वच्छ आणि सुंदर आहेत की प्रत्येक विद्यार्थी ती उचलतो. ती वापरण्यास हरकत नाही, पण चित्राखाली ‘फ्रेंच’ असे स्पष्ट लिहा.

प्रत्यक्ष इंग्रजी अवजारांचा पुरावा हवा असेल तर इंग्लंडमधील रॉचेस्टरच्या गिल्डहॉल संग्रहालयातील बेंजामिन सीटनची पेटी पाहा. त्याच्या वडिलांनी १७९६ मध्ये विकत घेतलेली अवजारे, ती ठेवण्यासाठी त्याने स्वतः बनवलेली पेटी आणि अवजारांची किमतींसह यादी, हे सगळे एकत्र टिकले आहे. ती आपल्या काळाच्या वीस वर्षे पुढची आहे, हे नमूद करून तुलनेसाठी वापरा.

७. वर्तमानपत्रांतील जाहिराती

‘व्हर्जिनिया गॅझेट’ १७३६ मध्ये सुरू झाले आणि त्याचे जुने अंक कलोनियल विल्यम्सबर्गच्या ग्रंथालयाने सर्वांसाठी खुले केले आहेत. जहाजातून आलेल्या मालाच्या जाहिरातींत करवती, पटाश्या, रंध्यांची पाती यांची नावे सापडतात. जाहिरातीचा मोठा गुण म्हणजे तिला नेमकी तारीख असते. उदाहरणार्थ, पात्यावर दुसरे पाते बसवून लाकूड उचकटू न देणारा रंधा अमेरिकेत केव्हा आला, याचे एक उत्तर १७६७ मध्ये फिलाडेल्फियाच्या सॅम्युअल करुथर्स याने दिलेल्या जाहिरातीत मिळते.

याच पानांवर पळून गेलेल्या गुलामांना पकडून देण्याच्या जाहिराती आहेत आणि त्यांत ‘उत्तम सुतार’, ‘करवतीचे काम जाणणारा’ असे उल्लेख येतात. मुलांना हे वाचताना त्रास होतो. माझ्या मुलीलाही झाला. तरीही ते वगळू नये असे माझे ठाम मत आहे, कारण दक्षिणेकडील वसाहतींत ही अवजारे ज्यांच्या हातात होती त्यांतले पुष्कळ लोक गुलाम होते आणि त्यांच्या कौशल्याची लेखी नोंद फार थोड्या ठिकाणी उरली आहे. पालकांनी सोबत बसून वाचावे.

८. अवजारावरचे नाव वाचा: न्यू इंग्लंडमधील एक उदाहरण

मॅसॅच्युसेट्समधील रेंथम गावचा फ्रान्सिस निकल्सन (१६८३ ते १७५३) हा नावानिशी माहीत असलेला अमेरिकेतील पहिला रंधे बनवणारा कारागीर मानला जातो. त्याच्याकडे सीझर चेलोर नावाचा गुलाम होता आणि तोही त्याच्या हाताखाली रंधे बनवीत असे. निकल्सनने मृत्युपत्रात चेलोरला मुक्त केले आणि त्याला जमीन, कामाचा बाक व अवजारे दिली. त्यानंतर चेलोरने स्वतःच्या नावाने रंधे बनवले. तो १७८४ मध्ये वारला.

त्याच्या रंध्याच्या पुढच्या छोट्या टोकावर लाकडात ठोकलेला ठसा असतो: त्याचे नाव, आणि खाली ‘रेंथम येथे राहणारा’ अशा अर्थाचे शब्द. जवळून पाहिले तर अक्षरांच्या कडा लाकडात दबलेल्या दिसतात, ठशाभोवती दातेरी चौकट असते आणि पिवळसर बर्चच्या लाकडावर हाताळून हाताळून आलेला तपकिरी रंग असतो. काल-परवापर्यंत ज्याची दुसऱ्याच्या मालमत्तेत गणना होत होती, त्या माणसाने आपले नाव आणि आपले गाव असे लाकडात ठोकावे, हे पाहून मुलगी बराच वेळ बोलली नाही. तिच्या निबंधाचा गाभा हाच झाला.

ठसे वाचताना एक काळजी घ्या. पुढच्या टोकावर मधोमध, नीट बसवलेला ठसा बहुधा बनवणाऱ्याचा असतो. पुढे ज्यांनी ज्यांनी तो रंधा वापरला त्यांनीही आपापली नावे आजूबाजूला ठोकलेली असतात. एकाच रंध्यावर तीन-चार नावे दिसली तर गोंधळू नका. ती मालकांची साखळी आहे.

९. संग्रहालयात जा आणि जाण्याआधी पत्र लिहा

पेनसिल्व्हेनियातील डॉयल्सटाऊन येथील मर्सर संग्रहालय न्यू जर्सीच्या मध्यभागातून साधारण एक-सव्वा तासाच्या अंतरावर आहे. हेन्री मर्सर यांनी १८९७ मध्ये टाकून दिलेली हाती अवजारे गोळा करण्यास आरंभ केला आणि १९१६ मध्ये त्यांच्यासाठी काँक्रीटची उंच इमारत पूर्ण केली. मधल्या चौकात वर पाहिले की होड्या, गाड्या आणि पिंपे छताला टांगलेली दिसतात. मात्र तिथला संग्रह यंत्रयुगापूर्वीच्या सगळ्या काळाचा आहे, त्यामुळे एकोणिसाव्या शतकातल्या वस्तूही पुष्कळ आहेत. प्रत्येक पाटीवरची तारीख लिहून घ्या.

डेलावेअरमधील विंटरथर संग्रहालयात लाँग आयलंडवरील ईस्ट हॅम्प्टनच्या डॉमिनी कुटुंबाची अवजारे आणि बाक आहेत. नथॅनिएल डॉमिनी (१७३७ ते १८१२), त्याचा त्याच नावाचा मुलगा आणि नातू फेलिक्स अशा तीन पिढ्यांनी त्यांवर लाकडी सामान आणि घड्याळे बनवली. एकाच कुटुंबाची अवजारे, हिशेबाच्या वह्या आणि त्यांनी बनवलेल्या वस्तू असे तिन्ही सोबत मिळणे दुर्मीळ आहे.

संग्रहालयाला तीन आठवडे आधी ईमेल पाठवा. विद्यार्थ्याने स्वतः लिहावे, दहा ओळींत लिहावे आणि एकच नेमका प्रश्न विचारावा. ‘वसाहतकाळातल्या अवजारांची माहिती पाठवा’ या पत्राला कोणीही काय उत्तर देणार? ‘१७७६ पूर्वीचा ठसा असलेला रंधा प्रदर्शनात आहे का आणि त्याचा नोंदणी क्रमांक काय’ या पत्राला मात्र आम्हाला चार दिवसांत उत्तर आले.

१०. जुने दिसते ते सगळे वसाहतकालीन नसते

पहिल्या मसुद्यात आम्ही जिथे आपटलो ती ही जागा. पुढील खुणा दिसल्या तर थांबा.

- लोखंडी रंधा, ज्याचे पाते फिरत्या पितळी चकतीने खालीवर होते. ही लिओनार्ड बेली याची एकोणिसाव्या शतकातील रचना आहे आणि १८६९ मध्ये तिचे हक्क स्टॅन्ली कंपनीकडे गेले.
- पात्यावर ‘कास्ट स्टील’ (म्हणजे मुशीत वितळवून केलेले पोलाद) असा ठसा. तो प्रामुख्याने अठराव्या शतकाच्या अखेरीपासून पुढे आढळतो.
- टोकदार स्क्रू. यंत्रावर बनलेले, टोक असलेले स्क्रू १८४० च्या दशकात आले. त्याआधीचे स्क्रू बोथट असत.
- फळीवर कमानीसारखे करवतीचे ओरखडे. ते गोल करवतीचे असतात. खड्ड्यावर ओंडका ठेवून दोघांनी ओढलेल्या करवतीचे किंवा पाणचक्कीवरच्या उभ्या करवतीचे ओरखडे सरळ असतात.
- अगदी गोल तारेचे खिळे. ते एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातले.

नक्षी उठवणाऱ्या लाकडी रंध्यांच्या बाबतीत टेप बाहेर काढा. अठराव्या शतकातले पुष्कळ रंधे दहा इंच किंवा त्याहून थोडे लांब असतात आणि त्यांच्या कडा रुंद, सपाट तासलेल्या असतात. पुढे साडेनऊ इंच ही लांबी ठरून गेली आणि कडा गोलसर झाल्या. एवढ्या एका मापावर काळ ठरवू नका, पण ठसा, लाकूड, कडा आणि लांबी ही चारही एका दिशेला बोट दाखवत असतील तर तसे लिहिता येते.

दुरुस्त्यांचेही भान ठेवा. दांडा, मूठ, पाचर या गोष्टी झिजतात आणि बदलल्या जातात. १७६० च्या ठोकळ्यात १८२० चे पाते असू शकते.

११. लिहिताना

प्रत्येक वाक्यासमोर वहीत खूण करा: हे यादीतून कळले, हे पुस्तकातून, हे प्रत्यक्ष पाहिले, हे माझे अनुमान. अनुमान लिहायला हरकत नाही, मात्र ‘यावरून असे वाटते’ असे शब्द वापरावेत. आमच्या शिक्षिकेने या शब्दांना गुण दिले.

पाच पानांत सहा अवजारांऐवजी दोन घ्या. पहिल्या पानावर प्रश्न, काळ आणि प्रदेश. दुसऱ्या व तिसऱ्यावर याद्यांचा तक्ता आणि त्यातून काय दिसते. चौथ्यावर एक अवजार जवळून, माप आणि ठशासह. पाचव्यावर ज्यांनी ते वापरले ती माणसे. पालकांनी इंग्रजी सुधारावे, पण निष्कर्ष मुलांचेच राहू द्यावेत.

चित्रांसाठी संग्रहालयाच्या संकेतस्थळावरची प्रतिमा घेतली तर चित्राखाली वस्तूचे नाव, अंदाजे काळ, संग्रहालय आणि नोंदणी क्रमांक लिहा. स्वतः काढलेल्या फोटोखाली तारीख घाला. निबंध जमा करण्याच्या आदल्या रात्री एकदा फक्त चित्रांची पाने उलटा आणि प्रत्येक तारीख १७७६ च्या आधीची आहे की नंतरची, एवढेच पाहा. आम्ही तसे पाहिले तेव्हा एक गिरमिट १८५० चे निघाले आणि मुलीने ते त्याच रात्री काढून टाकले.